इंदूरच्या काळ्या मातीत तुळस, पुदिना, गवती चहा: खत किती आणि हार्मोन कधी

सुगंधी झाडांचं उत्पादन वाढवायला काय टाकू म्हणून इंदूरच्या छावणी भागातल्या दुकानात विचारलंत की उत्तर ठरलेलं असतं, "भिया, ये डाल दो, जबरदस्त रिजल्ट है", आणि हातात एक चकचकीत बाटली येते. बाटली वाईट असतेच असं नाही. पण ती कशासाठी घेताय हे आधी घरी ठरवून जा, कारण "उत्पादन" म्हणजे प्रत्येकाचं वेगळं असतं. पुदिना-कोथिंबीर विकायची असेल तर कोवळा हिरवा पाला आणि वजन पाहिजे. मरवा, दवणा, तुळस असेल तर वास पाहिजे. गवती चहा किंवा मेंथा (तेलासाठी लावतात तो पुदिना) डिस्टिलेशनला, म्हणजे वाफेवर तेल काढायला द्यायचा असेल तर तेल पाहिजे, आणि तेल म्हणजे पाल्याचं वजन गुणिले तेलाचा टक्का.

हा गुणाकार डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. तुळशीच्या ओल्या पाल्यात तेल साधारण ०.१ ते ०.२ टक्के असतं. समजा १०० किलो पाला आला आणि टक्का ०.२ होता तर २०० ग्राम तेल. आता युरिया मारून पाला १३० किलो केला पण टक्का उतरून ०.१५ झाला तर १९५ ग्राम. म्हणजे खत गेलं, पाणी गेलं, कापायची मजुरी वाढली आणि तेल पाच ग्राम कमीच. नायट्रोजन जास्त झाला की नेमकं हेच होतं, पान मोठं आणि पाणचट होतं, चुरडलं तरी वास बोटाला चिकटत नाही. त्यामुळे माझं मत सरळ आहे, खत पोटापुरतं मोजून, शेंडा वेळेवर खुडणं, आणि हार्मोन सगळ्यात शेवटी. भुकेल्या झाडावर हार्मोन मारून काही मिळत नाही, हार्मोन फक्त निरोप देतो, सामान झाडाने स्वतःच्या घरातूनच काढायचं असतं.

आधी माती

आपली माळव्याची माती काळी, चिकण, पाऊस पडला की फुगते आणि मे महिन्यात भेगा पडतात. अन्नद्रव्य धरून ठेवते हा फायदा, पाणीही धरून ठेवते हा तोटा. पुदिन्याला ओल चालते पण तुळस, मरवा, रोजमेरी, जिरेनियम यांची मुळं जुलै-ऑगस्टमध्ये कुजतात, म्हणून सपाट वाफा नको, एक वीत उंच गादीवाफा करा आणि बाजूने पाणी निघायला चर ठेवा. गच्चीवर कुंडी असेल तर नुसती काळी माती भरू नका, निम्मी माती आणि बाकी कंपोस्ट आणि जाडी वाळू.

कंपोस्टसाठी इंदूरवाल्याने लांब जायचं काही कारणच नाही. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ इथे होते, होळकर संस्थानाने दिलेल्या जागेवर प्लांट इंडस्ट्रीची संस्था होती, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे, आणि तिथेच बसवलेली कंपोस्टची पद्धत जगभर "इंदूर पद्धत" म्हणून गेली, १९३५ साली गांधीजीसुद्धा येऊन बघून गेले. पद्धत अगदी साधी. खाली काडीकचरा आणि वाळलेली पानं, वर शेण, त्यावर गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि थोडी लाकडाची राख, मग परत काडीकचरा, असे थर. ओल पिळलेल्या फडक्याइतकी ठेवायची, मधेमधे तीनेक वेळा उलटापालट, तीन महिन्यांत तयार. घरात गाय नसेल तर आणलेलं शेण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा चालतो, तसंही आपल्याकडे कचरा वेगळा करायची सवय आता लहान पोरांनाही आहे.

दर १० चौरस मीटर वाफ्याला १० ते १५ किलो चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट. कच्चं शेण टाकू नका, हुमणी आणि वाळवी दोन्ही येतात.

हेक्टरचा हिशोब वाफ्यावर कसा आणायचा

सगळी पुस्तकं आणि शेतकी माहितीपत्रकं हेक्टरमध्ये किलो सांगतात आणि आपल्याकडे असतो घरामागचा तुकडा. सोपी युक्ती, हेक्टरला जितके किलो लिहिलेत तितकेच ग्राम १० चौरस मीटरला. शून्य मोजत बसायला नको.

तुळशीला साधारण शिफारस नायट्रोजन १२०, फॉस्फरस ६०, पोटॅश ६०. म्हणजे आपल्या १० चौरस मीटरला १२०, ६०, ६० ग्राम. पण हे शुद्ध अन्नद्रव्य झालं, थैलीत ते पूर्ण नसतं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो म्हणून युरिया २६० ग्राम. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के म्हणून सुपर ३७५ ग्राम. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ६० टक्के म्हणून बरोबर १०० ग्राम. सुपर आणि पोटॅश सगळं लावणीच्या वेळी मातीत मिसळून टाका. युरियाचे तीन भाग करा, ८५-९० ग्रामचा एक, पहिला लावणीला, दुसरा महिन्याभराने, तिसरा पहिल्या कापणीनंतर. युरिया टाकल्यावर लगेच पाणी द्या, उघडा पडून राहिला तर अमोनिया होऊन उडतो, आपल्या मातीचा सामू (पीएच) साडेसात-आठच्या आसपास असतो त्यामुळे जरा जास्तच उडतो.

मेंथाला यापेक्षा थोडा जास्त नायट्रोजन लागतो, १२० ते १५०. गवती चहालाही वर्षाला १०० ते १५० पर्यंत, पण तो वर्षात अनेकदा कापायचा असल्यामुळे प्रत्येक कापणीनंतर थोडा थोडा द्यायचा, एकदम नाही. आणि जितकं कंपोस्ट जास्त घालाल तितका युरिया कमी करा, दोन्ही पूर्ण देऊ नका.

डीएपी का नाही असं बरेच जण विचारतात. डीएपी म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरस एकत्र असलेलं दाणेदार खत. ते चालतं, पण त्यात सल्फर नाही. सुपर फॉस्फेटमध्ये ११ टक्क्यांच्या आसपास सल्फर फुकट मिळतो, सोयाबीनवाल्या शेतकऱ्यांना हे पक्कं माहीत आहे, आणि माळव्यातल्या बऱ्याच शेतांना सल्फर कमी पडतो. त्यामुळे सुगंधी पिकांना मी सुपरच घालते, पोतं जड असतं एवढीच कटकट.

कुंडीचं गणित तर अजूनच वेगळं. बारा इंची कुंडीचं तोंड भरतं ०.०७ चौरस मीटर, वरच्याच हिशोबाने तिला पूर्ण सीझनचा युरिया बसतो जेमतेम २ ग्राम, म्हणजे अर्धा छोटा चमचा. आणि लोक मूठ टाकतात आणि मग पानांच्या कडा जळल्या की ऊन लागलं म्हणतात. कुंडीत सुटा युरिया नकोच, १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला २ ग्राम, पंधरा दिवसांनी एकदा, माती आधी ओली करून.

पिवळं पान वाचायला शिका

खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नायट्रोजन कमी. वरची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह कमी. कोवळी पानं शिरांसकट फिकट, तर सल्फरकडे बघा. पानं बारीक आणि पेरं आखूड राहिली तर झिंक. आपल्याकडे लोह आणि झिंक मातीत असतं पण चुनखडी आणि जास्त सामूमुळे झाडाला उचलता येत नाही, त्यात बोअरचं जड पाणी रोज दिलं तर अजूनच अडकतं. गवती चहा पिवळट पांढरा पडला की लोक परत युरिया टाकतात, ते लोहाचं दुखणं असतं आणि युरियाने जात नाही.

लोहासाठी फेरस सल्फेट ५ ग्राम आणि सायट्रिक अॅसिड म्हणजे किराण्यातलं लिंबूफूल १ ग्राम, एक लिटर पाण्यात, आठवड्याच्या अंतराने दोन-तीन फवारे. झिंकसाठी झिंक सल्फेट ५ ग्राम आणि विझवलेला चुना अडीच ग्राम लिटरला, गाळून. मातीत द्यायचं तर झिंक सल्फेट १० चौरस मीटरला २५ ग्राम, पण सुपर किंवा डीएपी बरोबर एकत्र कालवू नका, फॉस्फरस झिंकला पकडून बसतो. दोन-चार दिवस अंतर ठेवा.

फुकटचा हार्मोन म्हणजे नखं

झाडाच्या शेंड्यात ऑक्सिन तयार होतं आणि ते खाली उतरत बगलेतल्या कळ्यांना झोपवून ठेवतं. शेंडा खुडला की ते थांबतं, कळ्या जाग्या होतात, एका फांदीच्या दोन होतात. बाजारातली महागडी फुटव्याची औषधं हेच करायचा प्रयत्न करतात. तुळस, मरवा, पुदिना, सब्जा यांना सहा-आठ पानं झाली की वरचा शेंडा खुडा, नव्या फांद्या चार-पाच इंच झाल्या की परत एकदा. हे दोनदा केलंत तर झाड झुडूप होतं आणि मग खत-हार्मोन घालायला काहीतरी जागा असते. गवती चहाला हे लागू नाही, त्याची वाढ बुडातून असते, तिथे शेंडे छाटून फुटवे येत नाहीत.

आता हार्मोन

चार नावं कळली की दुकानात कोणी फसवत नाही.

जिबरेलिक अॅसिड, बाटलीवर जीए लिहिलेलं असतं. पेरं लांब करतं. द्राक्षात हिरो आहे पण पानाच्या पिकात मला त्याचं कौतुक नाही, तुळशीवर जास्त झालं तर झाड उंच सुकट, पान पातळ फिकं, आणि फुलोरा लवकर यायची भीती, कोथिंबीर तर चटकन दांड्यावर जाते. त्याचा खरा उपयोग बियाण्यात. लॅव्हेंडर, रोजमेरीचं बी उगवायला हट्टी असतं, ते १०० ते २०० पीपीएमच्या पाण्यात चोवीस तास भिजवून पेरलं तर उगवण सुधारते.

इथे लेबलची गंमत बघा. पीपीएम म्हणजे लिटरमध्ये मिलिग्राम. बाजारात जीए ०.००१ टक्केवाली द्रव बाटली सर्रास मिळते. ०.००१ टक्के म्हणजे लिटरला १० मिलिग्राम, म्हणजे आख्खी बाटली पाणी न घालता ओतली तरी १० पीपीएमच. त्यातली १ मिली लिटरभर पाण्यात घातली तर ०.०१ पीपीएम. इतक्या कमी प्रमाणात ती लेबलवर लिहिलेल्या पिकाला काय करायचं ते करेल, पण कुठे वाचलं ५० पीपीएम मारा म्हणून आणि ही बाटली आणली तर ते होणारच नाही. त्यासाठी ९० टक्केवाली पावडर लागते. १ ग्राम पावडर आधी २० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवा, नुसत्या पाण्यात गुठळ्या राहतात, मग एकूण ९०० मिली होईल इतकं पाणी घाला. आता १ मिलीमध्ये १ मिलिग्राम आहे, १०० पीपीएम पाहिजे तर लिटरला १०० मिली. डोळे मिटून मोजता येतं. हे द्रावण फार दिवस ठेवू नका, आणि अल्कधर्मी पाण्यात जीए तुटतं म्हणून बोअरचं पाणी नको, आरओचं चांगलं, नर्मदेचं नळाचं वापरलं तर चिमटीभर लिंबूफूल टाका.

दुसरं ऑक्सिन, याचे दोन प्रकार मिळतात. एक एनएए ४.५ टक्के, प्लॅनोफिक्स म्हणून मिळतं ते, ते पान वाढवायला नाही, फळगळ थांबवायला आहे, साडेचार लिटरला १ मिली घातलं की १० पीपीएम होतं, पण आपल्या पिकाला गरज नाही. आपल्याला पाहिजे दुसरं, आयबीए, मुळं फुटायला. रोजमेरी, पचौली, जिरेनियमची चार-पाच इंची काडी, खालची पानं काढून, २००० पीपीएमच्या द्रावणात पाच-दहा सेकंद बुडवा आणि वाळू-कोकोपीटमध्ये खोचा. द्रावण असं: २०० मिलिग्राम आयबीए ५० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवून ५० मिली पाणी. वजन करायचा काटा नसेल तर तयार रूटिंग पावडर घ्या, टोक बुडवा, झटका, बस. पुदिना आणि तुळशीच्या काडीला यातलं काहीच नको, ग्लासात पाण्यात ठेवली तरी मुळं येतात, उगाच खर्च.

तिसरं सायटोकायनिन, फुटवे आणि पानं हिरवी ठेवायला. हे घरी मिळतं. शेवग्याच्या, इथे ज्याला सुरजना म्हणतात त्याच्या, कोवळ्या पानांत झिएटिन नावाचं सायटोकायनिन असतं. कोवळी पानं थोड्या पाण्यात मिक्सरमधून काढा, पातळ फडक्यातून गाळा, रसाच्या तीसपट पाणी घाला आणि त्याच दिवशी फवारा. शिळं करू नका, वास येतो आणि नोझल बसतं. नारळाच्या पाण्यातही सायटोकायनिन असतं पण इंदुरात नारळाचा भाव बघता ते प्यायलेलं बरं. हा घरगुती फवारा असल्यामुळे खायच्या पुदिन्यावरही मी हाच पसंत करते.

चौथं ट्रायकॉन्टॅनॉल, हार्मोनच्या कपाटात ठेवतात पण आहे एक मेणासारखं अल्कोहोल, मधमाशीच्या मेणातही सापडतं. १९७७ मध्ये अमेरिकेत लसूणघासातून त्याचा वाढीवरचा परिणाम लक्षात आला. पुदिना आणि तुळस दोन्हीवर याचे प्रयोग चांगले आलेले आहेत, म्हणून एकच बाटली घ्यायची असेल तर मी हीच घेईन. लागतं अगदी थोडं, १ पीपीएम किंवा त्याहून कमी. ०.१ टक्केवाली असेल तर लिटरला १ मिली म्हणजे १ पीपीएम, ०.०५ टक्के असेल तर अर्धा पीपीएम. दुप्पट मारून दुप्पट मिळत नाही, उलट परिणाम गायब होतो. लावणीनंतर किंवा कापणीनंतर नवी पानं आली की, म्हणजे तीन आठवड्यांनी पहिला फवारा, पंधरा-वीस दिवसांनी दुसरा, बस.

यांच्याशिवाय सॅलिसिलिक अॅसिडने तुळशीत तेल वाढल्याचे प्रयोग आहेत, लिटरला साधारण ७० मिलिग्राम, पण हा शौकाचा भाग. पॅक्लोब्युट्राझॉल मात्र खायच्या पाल्याजवळ आणूच नका, ते वाढ रोखणारं आहे आणि मातीत फार काळ राहतं.

बाटली घेताना घटकाचं नाव आणि टक्का लिहिलाय का बघा. वाढनियंत्रकं आपल्याकडे १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदतात, म्हणून नोंदणी क्रमांक असायला पाहिजे. नुसतं "चमत्कारी ग्रोथ टॉनिक" आणि पानाचा फोटो असेल तर परत ठेवा.

फवारायचं कसं

सकाळी दव सुकल्यावर किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. एप्रिल-मेच्या दुपारी नाही. आदल्या दिवशी पाणी दिलेलं पाहिजे. तुळशीच्या पानावर लव असते आणि गवती चहाच्या पानावर मेण, दोन्हीवर थेंब घरंगळतो, म्हणून लिटरला अर्धा मिली स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रव. पानाच्या खालूनही फवारा, पाणी टपकायला लागलं की थांबा. पुढचे सहा तास पाऊस नको, तेव्हा जुलैत आकाश बघून.

पंपाबद्दल जरा ओरडूनच सांगते, गव्हात टू-फोर-डी मारलेला पंप मागून आणू नका. तेही ऑक्सिनच आहे, रुंद पानाचं तण मारायला बनवलेलं, आणि तुळस-पुदिना रुंद पानाचेच आहेत. पंपात राहिलेल्या थोड्याशा औषधानेही पानं वळून दोरीसारखी होतात. दोनशे रुपयांचा हातपंप घ्या आणि त्यावर मार्करने लिहून ठेवा.

सगळा वाफा एकदम फवारू नका. दोन ओळींना औषध, दोन ओळींना नुसतं पाणी आणि स्टिकर, खत सगळ्यांना सारखं. कापताना वेगवेगळं तोला. वासासाठी दोन्हीची पानं चुरडून घरातल्या कोणाला तरी डोळे मिटून हुंगायला द्या, ज्याने फवारलं त्याच्या नाकावर विश्वास नको.

देवाच्या तुळशीला आणि प्रसादात जाणाऱ्या पानाला मी कृत्रिम काहीच मारत नाही, शेवगा फार तर. बाकी खायच्या पाल्याला लेबलवर दिलेला, फवारल्यावर कापायच्या आधी थांबायचा काळ पाळा.

कापणी

इथे बरंच तेल हातचं जातं. कापणीच्या आधी तीन आठवडे युरिया बंद. मेंथाला शेवटचे सात-आठ दिवस पाणीही बंद, कापायच्या आधी दोन-चार दिवस कडक ऊन मिळालेलं असेल तर उत्तम, झडीच्या पावसात तेल कमी भरतं. तेलाची तुळस पूर्ण फुलोऱ्यात, लावणीपासून साधारण ९० दिवसांनी. खायची असेल तर फुलाच्या आधी. गवती चहा जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटर वर कापा, ठोंब उघडा पाडू नका. कापलेला पाला सावलीत काही तास पसरून सुकू द्या, ढीग करून ठेवलात तर आतून गरम होतो आणि वास बिघडतो.

कापून झालं की लगेच युरियाचा पुढचा भाग आणि पाणी, नवी पालवी फुटली की तीन आठवड्यांनी परत ट्रायकॉन्टॅनॉल किंवा शेवगा. शेवटची कापणी ऑक्टोबरात उरका. त्यानंतर थंडी वाढली की झाड वाढत नाही, डिसेंबर-जानेवारीत मारलेला हार्मोन पानावरच वाळतो. कडाक्याच्या रात्री दव गोठेल (इथे त्याला पाला पडणं म्हणतात) असं वाटलं तर संध्याकाळी वाफ्याला हलकं पाणी द्या आणि कुंड्या भिंतीच्या आडोशाला सरकवा. जानेवारीच्या शेवटी पुदिन्याच्या जमिनीखालच्या मुळ्या उकरून बोटभर लांबीचे तुकडे करा आणि नव्या गादीवाफ्यात दोन इंच खोल लावा, सुपर आणि पोटॅश त्याच दिवशी मातीत जाऊ दे.